मुलाखत कशी घ्यावी : बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करताना

मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील एखाद्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बहात्तरच्या, म्हणजे १९७२ च्या, दुष्काळाविषयी विचारले, तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक वाक्य बहुधा ऐकायला मिळते : "तवा विहिरीला पाणी व्हतं, पण खायला दाणा नव्हता, आता दाणा हाय, पण पाणी नाही." वाक्य खोटे नाही. पण ते इतक्या वेळा, इतक्या लोकांपुढे बोलले गेले आहे की वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे त्यावरचे छाप पुसट झाले आहेत. नवखा संशोधक ते वाक्य टिपून घेतो, खूश होतो आणि पुढच्या घरी जातो. वीस घरे फिरून त्याच्या वहीत तेच वाक्य वीस वेळा उतरलेले असते. मुलाखतीचे तंत्र म्हणून जे काही शिकायचे असते, ते बव्हंशी या वाक्याच्या मागे कसे जायचे याविषयीचे असते. म्हणून हा लेख त्याच उदाहरणाच्या आधाराने लिहिला आहे. नोकरीसाठीच्या आणि कामाच्या ठिकाणच्या मुलाखतींविषयी पुढे थोडे येईल, कारण तिथेही दुखणे हेच असते.

मुलाखतीची गरज आहे का, हे आधी ठरवा

बरीच माहिती मुलाखतीने मिळवू नये. दुष्काळी कामांवर किती मजूर होते, हे कोणा आजोबांना विचारण्यात अर्थ नाही. मे १९७३ मध्ये ही संख्या राज्यभरात ५० लाखांच्या आसपास पोहोचली होती आणि हे सरकारी नोंदींवरून कळते. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, हेही कागदावर आहे. मात्र मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागण्यासाठी मुकादमाकडे किती खेपा घालाव्या लागल्या, तान्हे मूल घेऊन खडी फोडायला गेलेल्या बाईने ते दिवसभर कोणत्या सावलीत ठेवले आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी पहिल्यांदा दळून आणल्यावर भाकरी थापताना काय झाले, हे कोणत्याही कार्यालयातील फायलीत सापडणार नाही. कागद जिथे थांबतो तिथून मुलाखत सुरू व्हावी. कागदावर जे आहे ते आधी वाचून काढलेले नसेल, तर समोरच्या म्हाताऱ्या माणसाचा तास आपण फुकट घालवतो.

मुलाखतीचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात प्रश्न, त्यांची शब्दरचना आणि त्यांचा क्रम सर्वांसाठी सारखा असतो. दुसऱ्यात मुद्दे ठरलेले असतात, पण ते कधी आणि कोणत्या शब्दांत काढायचे हे समोरचा माणूस पाहून ठरते. तिसऱ्यात एखादाच विषय पुढे ठेवून माणसाला बोलू दिले जाते. आठवणींच्या कामाला दुसरा प्रकार सर्वांत उपयोगी पडतो. पहिला प्रकार तुलना करण्यासाठी उत्तम असला, तरी गावात तो वापरला की लोकांना जनगणना सुरू झाल्यासारखे वाटते आणि उत्तरे "हो", "नाही", "असंल" एवढ्यावर येतात.

मुद्द्यांची चिठ्ठी

संशोधनाचा प्रश्न आणि मुलाखतीतला प्रश्न हे दोन वेगळे असतात, हे ध्यानात न घेतल्याने निम्म्या मुलाखती बिघडतात. "दुष्काळी कामांमुळे स्त्रियांच्या कौटुंबिक स्थानात काय बदल झाला?" हा संशोधनाचा प्रश्न झाला. तो जसाच्या तसा एखाद्या आजींना विचारला, तर त्या विचारणाऱ्याकडे दयेने पाहतील. त्याच प्रश्नापर्यंत नेणाऱ्या वाटा अगदी साध्या असतात : पहिल्या दिवशी कामावर जाताना सोबत कोण होते? हातोडा घरचा होता की तिथे मिळाला? पगार कोणाच्या हातात पडायचा, आणि त्यातून पहिली वस्तू कोणती आणली? त्या वर्षी दिवाळीला घरात काय शिजले होते? यांपैकी एकाही प्रश्नात मत विचारलेले नाही. मत विचारले की माणूस तयार वाक्याकडे वळतो, आणि प्रसंग विचारला की त्याला आठवावे लागते. या लेखात मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

चिठ्ठी एका पानाची असावी आणि तिच्यावर पूर्ण प्रश्न न लिहिता शब्द लिहावेत : मस्टर, मुकादम, पाझर तलाव, नालाबांध, खडी, सुकडी (कामावर मिळणारे कोरडे पूरक अन्न), मिलो, जनावरे, विहीर, सण, परतणे. असे केले म्हणजे आपण कागद वाचून दाखवत नाही. माणूस ज्या वाटेने चालला आहे त्या वाटेवर जो शब्द येईल, तो आपण उचलतो. हे शब्द आधीच ठाऊक असणेही आवश्यक आहे. "सुकडी म्हणजे काय?" असे विचारणाऱ्यापुढे माणूस शिक्षक होऊन बोलतो, "सुकडी कामावरच खायची की घरी न्यायला मुभा होती?" असे विचारले की तो साक्षीदार होऊन बोलतो. क्वचित मुद्दाम अडाणीपण घ्यावे लागते हे खरे, पण ते घ्यायलाही आधी माहिती असावीच लागते.

शब्द निवडताना किती जपावे लागते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती असावा ते विचारले. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले होते. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, असे ज्यांना विचारले त्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल निघाला. गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा, असे सौम्य क्रियापद ज्यांना मिळाले त्यांचा ३१.८ मैल. आता नुकत्याच पाहिलेल्या फितीबाबत असे होत असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीविषयी "मुकादम लोकांना फार छळायचे ना?" असे विचारल्यावर मिळणाऱ्या होकाराला किती किंमत द्यायची, हे उघड आहे. "ना" हा शेवटचा शब्द मराठी प्रश्नांतला सर्वांत धोकादायक शब्द आहे. तो लागला की आपण प्रश्न विचारत नसून संमती मागत असतो.

कोणाकडे जायचे

गावात पोहोचल्यावर पहिली यादी सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेचे गुरुजी देतात. ती आदराने घ्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. या यादीत "चांगलं बोलणारे" लोक असतात, म्हणजे ज्यांच्याकडे ती घासलेली वाक्ये सर्वांत जास्त असतात. यादीबाहेरची माणसे जाणीवपूर्वक शोधावी लागतात : ज्यांच्याकडे जमीन नव्हती, जे त्या वर्षी मुंबई-पुण्याला गेले आणि परतले, ज्या त्या वर्षी नव्याने सून म्हणून आल्या होत्या, आणि जे मजूर नसून मुकादम किंवा कारकून होते. प्रत्येक घरातून निघताना "अजून कोणाला भेटू?" हा प्रश्न विचारावाच, त्याचबरोबर "ज्यांना हे पटणार नाही असं कोण आहे?" हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला आधी हसू येते आणि मग एक नाव.

किती मुलाखती पुरेशा, याचे ठाम उत्तर नाही. घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासून गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ साली असे दाखवले की बहुतेक महत्त्वाचे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. हा १२ चा आकडा पुढे प्रबंधांमध्ये मंत्रासारखा वापरला गेला. पण त्या अभ्यासातील स्त्रिया बऱ्याच अंशी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या, हे विसरले जाते. जमीनदार, भूमिहीन, मुकादम आणि स्थलांतरित असे चार गट असतील, तर बारा जणांत सगळे आटोपत नाही.

ओळख, संमती आणि यंत्र

"आम्ही माहिती घ्यायला आलोय" असे म्हटले की समोरून "काही मिळणार हाय का?" असा प्रश्न येतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, घरात वही घेऊन येणारी माणसे बहुधा कुठल्या ना कुठल्या योजनेची असतात. इथे पूर्ण स्पष्टपणे सांगावे की आपण सरकारी नाही, यातून कोणतीही मदत मिळणार नाही आणि नकार दिला तरी काही बिघडणार नाही. हे संदिग्ध ठेवले तर हाल वाढवून सांगितले जातात किंवा जमीन कमी करून सांगितली जाते, आणि त्याचा दोष सांगणाऱ्याकडे जात नाही. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, नाव छापणार की बदलणार, मध्येच थांबता येईल का, हे सगळे बोलीभाषेत सांगून त्यांचा होकार रेकॉर्डिंगवरच घ्यावा. अंगठा किंवा सही मागितली की वातावरण तलाठी कार्यालयाचे होते. संस्थेच्या नियमाने ती घ्यावीच लागत असेल, तर कागद आधी वाचून दाखवावा.

फोनवर रेकॉर्डिंग करायचे असेल तर तो फ्लाइट मोडवर टाकावा, अर्धा मिनिट चाचणी घेऊन ती ऐकावी, आणि शक्य असल्यास दुसरे यंत्रही चालू ठेवावे. फोन स्टीलच्या ताटलीजवळ किंवा लाकडी टेबलावर उघडा न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. पंखा बंद करायला सांगणे उन्हाळ्यात जिवावर येते, पण सांगावे. एकदा मी पत्र्याच्या पडवीत बसून दीड तासाची अप्रतिम मुलाखत घेतली. मध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही दोघे आनंदाने बाहेर पाहत बोलत राहिलो, आणि घरी आल्यावर फायलीत पावसाशिवाय काहीही नव्हते. सुरुवातीला तारीख, गाव आणि मुलाखतीचा क्रमांक स्वतःच्या आवाजात नोंदवण्याची सवय मात्र त्याही आधीपासून होती, त्यामुळे निदान कोणत्या आजोबांकडे पुन्हा जायचे ते कळले.

बसल्यानंतर

पहिली दहा मिनिटे घर, नातवंडे, गुडघे आणि पाऊस यांना द्यावीत. वयस्क बाईंना गावाच्या रीतीप्रमाणे आजी, मावशी किंवा काकू म्हणावे, पुरुषांना तात्या, अण्णा, दादा असे जे घरचे लोक म्हणत असतील ते, पण क्रियापद आदरार्थीच ठेवावे. मग एकदम "बहात्तर" काढण्याऐवजी त्या वेळी घर कुठे होते, घरात कोण कोण होते, इथून सुरुवात करावी. पुढे संवाद साधारण असा जातो :

"काय सांगावं बाबा. लई हाल झाले."

"खडी फोडायला कुठं जायचात, मावशी?"

"त्या तिकडं, माळावर. तळ्याचं काम व्हतं."

"पहिल्या दिवशी कोणाबरोबर गेलात?"

इथे थोडा वेळ काहीच बोलणे होत नाही. "काय सांगावं" हा नकार नसतो, ती सुरुवात असते. आणि त्यानंतरची शांतता हीसुद्धा उत्तराचाच भाग असते. शहरात वाढलेल्या माणसाला चार सेकंदांची शांतता असह्य होते आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. बहुतेकदा सातव्या-आठव्या अंकाला मावशी म्हणतात, "जाऊबाई व्हती. तिला सातवा महिना व्हता," आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते. ऐकताना "हं" म्हणावे, मान हलवावी. "बरोबर", "अगदी खरं" असे म्हणू नये, कारण त्यातून आपल्याला काय ऐकायचे आहे ते त्यांना कळते.

सालांचा गोंधळ हमखास होतो. बहात्तरच्या आठवणीत २०१२-१३ च्या दुष्काळातले टँकर मिसळतात. अशा वेळी "नाही, ते नंतरचं" असे दुरुस्त करू नये. घटनांची एक दोरी सोबत ठेवावी आणि तिच्यावर आठवण अडकवून पाहावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७५ ची आणीबाणी, इंदिरा गांधींची हत्या झाली ते ३१ ऑक्टोबर १९८४, गिरणी संप सुरू झाला तो जानेवारी १९८२, आणि लातूर-धाराशिवकडे गणपती विसर्जनानंतरची ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट, या खुणा सर्वांना आठवतात. त्याहून पक्क्या खुणा घरच्या असतात : लग्न कधी झाले, थोरला तेव्हा रांगत होता की पोटात होता, बैलजोडी विकली ती पोळ्याच्या आधी की नंतर.

मराठी ऐकणाऱ्याला एक खास हत्यार उपलब्ध आहे, ते म्हणजे "आम्ही" आणि "आपण" यांतला फरक. "आम्ही कामावर जायचो" म्हणताना विचारणारा बाहेरचा असतो. "आपण काय, मिळेल ते खायचं" म्हणताना त्यालाही आत घेतलेले असते, किंवा बोलणारा स्वतःला सगळ्या जगात मिसळून टाकत असतो. "आम्ही" आले की "आम्ही म्हणजे कोण कोण?" असे विचारावे. भावकी, वाडा, वस्ती, फक्त घरातल्या बाया, असे काहीही निघू शकते. तसेच "मिळालं", "झालं", "दिलं गेलं" अशा कर्ता लपवणाऱ्या क्रियापदांजवळ थांबावे. धान्य मिळाले, पण वाटले कोणी?

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे. "विहिरीला पाणी व्हतं" असे आले की ते मान्य करून विचारावे : कोणत्या विहिरीला? किती परस (माणसाच्या उंचीइतके माप) खोल होती? पाणी शेंदायला कोण जायचे? आणि मग, सगळ्यात शेवटी, तिच्यावर कोणाला पाणी भरता यायचे नाही? या शेवटच्या प्रश्नावर एकाच गावातल्या दोन वस्त्यांत ते वाक्य दोन निरनिराळ्या गोष्टी सांगू लागते. हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात, अंगणात दहा जण गोळा झालेले असताना विचारू नये. जातीविषयीचे, उपासमारीचे आणि विकलेल्या दागिन्यांचे बोलणे एकांतात होते. त्यासाठी दुसरी भेट ठेवावी. कोणी रडू लागले तर रेकॉर्डिंग थांबवावे, पाणी द्यावे आणि पुढे बोलायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.

आईच्या वतीने मुलगा उत्तरे देऊ लागतो, ही अडचण जवळजवळ प्रत्येक घरात येते. त्याला गप्प करता येत नाही आणि करूही नये. "दादा, तुमचीही स्वतंत्र घेणार आहे, तुम्हाला उद्या सकाळी वेळ आहे का?" असे म्हटले की तो बहुधा खुशीने बाजूला होतो. मुलाखत घेणारे दोघे असल्यास उत्तम : एकाने चिठ्ठी सांभाळावी, दुसऱ्याने गोठा पाहायला जावे आणि मुलाला बरोबर न्यावे.

कामाच्या ठिकाणी

उमेदवाराची मुलाखत घेणाऱ्यांना वाटते की त्यांचे काम यापेक्षा वेगळे आहे. "स्वतःबद्दल सांगा", "तुमची बलस्थाने कोणती?" या प्रश्नांना मिळणारी उत्तरेही विहिरीच्या वाक्यासारखीच घासलेली असतात, फरक इतकाच की ती यूट्यूबवर पाठ केलेली असतात. "गेल्या वर्षी ग्राहक चिडून आला असा एक दिवस सांगा, तुम्ही आधी काय केलं, मग काय केलं?" हा प्रश्न विचारून पाहावा. इथे मात्र पहिला, ठरीव प्रकारच योग्य : सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि समितीतल्या प्रत्येकाने आपसात बोलण्यापूर्वी स्वतंत्र गुण लिहिणे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या आढाव्यात ठरीव मुलाखतीचा पुढील कामगिरीशी संबंध (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.५१ आणि मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ निघाला होता. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरहिशेब केला तेव्हा हे आकडे ०.४२ आणि ०.१९ पर्यंत उतरले, म्हणजे अंतर उलट वाढले. तरीही "दोन मिनिटांत माणूस ओळखतो" म्हणणारे साहेब प्रत्येक समितीत एक असतातच, आणि गुण आधी लिहून घेण्याचा नियम मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

निवृत्त होणाऱ्या अनुभवी फिटरकडून त्याचे कसब नोंदवून घ्यायचे असेल, तर त्याला कॉन्फरन्स रूममध्ये बसवू नये. "आवाजावरून कळतं" एवढेच तो सांगू शकेल. यंत्राशेजारी उभे राहून, यंत्र चालू असताना, "आत्ताचा आवाज बरा की वाईट? आता हात कुठे ठेवलात, आणि तिथेच का?" असे विचारावे लागते.

त्याच रात्री, आणि नंतर

मुलाखतीच्या दिवशी झोपण्यापूर्वी एक पान लिहावे : कोण कुठे बसले होते, कोण आले-गेले, रेकॉर्डिंग बंद केल्यावर दारात उभे राहून काय बोलणे झाले. हे दारातले बोलणे अनेकदा सर्वांत मोलाचे असते, पण ते वापरण्यापूर्वी परवानगी विचारावी. फायलीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि फायलीच्या नावात माणसाचे नाव न घालता क्रमांक घालावा. क्रमांक आणि नावे जोडणारी वही वेगळी असावी.

एका तासाचे रेकॉर्डिंग नीट उतरवायला चार ते सहा तास लागतात, बोली अनोळखी असेल तर जास्त. उतरवताना "व्हतं"चे "होते" करू नये, "लई"चे "खूप" करू नये. थांबणे, हसणे, आवाज खाली जाणे कंसात नोंदवावे. प्रमाण मराठीत आणलेली मुलाखत वाचायला सोपी असते, पण तीत कोण बोलत आहे ते कळेनासे होते. यंत्राने आपोआप उतरवलेला मजकूर पहिला खर्डा म्हणून चालेल. बोलीतले शब्द यंत्र बिनधास्त बदलते, म्हणून तो मजकूर कानाने पुन्हा पडताळावा.

सांगितलेल्या गोष्टी इतर मुलाखतींशी आणि कागदांशी ताडून पाहाव्यात, पण जुळले नाही की लगेच "चूक" असा शेरा मारू नये. पाझर तलावाचे काम कागदावर १९७३ चे असेल आणि मावशी ठामपणे बहात्तर म्हणत असतील, तर दोन्ही नोंदवावे. दुष्काळाचे नावच "बहात्तर" पडल्यामुळे त्याच्या आगेमागची दोन वर्षे त्या एका आकड्यात गोळा झाली आहेत, ही स्वतःच एक नोंद आहे. दुसऱ्या भेटीला जाताना उतरवलेली मुलाखत मोठ्या टाइपात छापून न्यावी आणि वाचून दाखवावी. बहुतेक जण मध्येच थांबवतात आणि म्हणतात, "हे असं नव्हतं." अशा वेळी फोन पुन्हा टॉवेलवर ठेवावा.